तुम्ही व्हा पुढे

नकाशात सगळं तळहाताएवढं होतं. किल्ला अंगठ्याशी, जंगल करंगळीशी, बोटींचं तळं मधोमध, आणि त्यांना जोडणाऱ्या गुलाबी वाटा हातावरच्या रेषांसारख्या बारीक. नवऱ्याने नकाशा गाडीच्या टपावर पसरला आणि बोट ठेवून म्हणाला, "हे बघा. इथून इथे, इथून इथे. दोन पावलं."

त्याची दोन पावलं तिला लग्न झाल्यापासून माहीत होती. घर बघायला गेले तेव्हा शाळा दोन पावलांवर होती, बसथांबा दोन पावलांवर, बाजार तर काय, खिडकीतून हात बाहेर काढला की भाजी. राहायला गेल्यावर ती सगळी पावलं तिच्या वाट्याला आली. तो फ्रीज दुरुस्त करणारा माणूस. सामानाच्या गाडीतून हिंडायचं, गिऱ्हाइकाच्या दारात उतरायचं. चालणं त्याने फक्त ऐकलेलं.

"दरवाजा कुठाय रे?" सासूबाईंनी विचारलं.

"तो काय, आई."

तो काय म्हणजे कुठे? समोर नुसते गाड्यांचे टप, उन्हात चकाकणारे, ओळीमागून ओळ. आणि पार त्या टोकाला, उन्हाच्या वाफेत थरथरणारी एक रंगीत कमान. अजून पाळण्यांच्या बागेत शिरायचं होतं, तिकिटं दाखवायची होती, आणि चालायला इथूनच सुरुवात.

सासूबाईंनी खाली वाकून बुटांकडे बघितलं. खास या सहलीसाठी आणलेले मऊ तळव्यांचे बूट. मग त्यांनी नातीचा हात धरला. "चल गं भिंगरे. बघू तुझं गाव."

नातीला घरात सगळे भिंगरीच म्हणत. ती एका जागी उभी राहिलेली कुणी पाहिली नव्हती. याच भिंगरीने हट्ट धरला होता, आजी नसेल तर मीही नाही. आणि सुनेनेच शेवटी नवऱ्याला म्हटलं होतं, नेऊ या त्यांना. आता ती मागून चालत होती आणि सासूबाईंच्या टाचांवरून तिची नजर हलत नव्हती.

महिन्याभरापूर्वी सासूबाईंना डॉक्टरांकडे नेलं होतं. आत नवरा गेला होता त्यांच्याबरोबर. ती बाहेर बसलेली. बाहेर येऊन त्याने सांगितलं ते असं: पोटऱ्यांतल्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात, पायांना रक्त कमी पोचतं. गोळ्या चालू करायच्या. दगदग नको. आणि पाय गार पडला, रंग उतरला, दुखणं थांबेना, तर जिथे असाल तिथून लगेच दवाखाना गाठायचा. उशीर झाला तर पाय हाती लागत नाही.

पहिली तीन वाक्यं ती विसरून गेली असती. चौथं तिच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं. सासूबाईंना पायमोजे चढवताना, त्या अंघोळ करून आल्या की, त्या झोपल्या की, ती चोरून त्यांच्या पायांकडे बघे.

"काय बघतेस गं?" सासूबाई विचारत.

"काही नाही, आई. नखं काढायला झालीत."

"परवाच काढलीस. आता काय बोटं काढणार आहेस?"

सासूबाईंचं आयुष्य उभ्याने गेलेलं. मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात त्या इस्त्री करायच्या. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट. समोर वाफ, पायाखाली ओली फरशी, आणि सकाळी उभं राहिलेलं माणूस संध्याकाळीच बसायचं. "मला उभं राहायला सांगा," त्या म्हणत, "सूर्य मावळेपर्यंत उभी राहीन. चालायला मात्र कुणी शिकवलंच नाही मला." घरातले हसत. विनोद म्हणून ऐकलं आणि विनोद म्हणूनच सोडून दिलं.

कमानीपर्यंत पोचेस्तोवर सासूबाई किती वेळा थांबल्या. आधी नातीच्या केसांतला चाप सरळ केला. मग कुणाच्या तरी गाडीतलं कुत्रं बघितलं. मग एक पाटी वाचली, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, आणि पाटीवर एवढंच होतं की गाड्या नीट लावा.

"आई, पाटी पाठ करताय का?" सून म्हणाली.

"विचारलं कुणी तर सांगता आलं पाहिजे ना," सासूबाई म्हणाल्या, आणि तिथेच उभ्या राहून नातीला काहीतरी गुणगुणून दाखवू लागल्या. त्यांच्या तोंडात अशा ओळी असायच्याच, इस्त्रीच्या पुढे-मागे होणाऱ्या हाताबरोबर जुळवलेल्या.

*दमलेल्या पावला, थांब ना जरा,*
*पुढच्या वळणाला पाण्याचा झरा.*

भिंगरीने लगेच विचारलं, "खरंच झरा आहे?" आणि पुढे पळाली. सासूबाई हसल्या आणि चालू लागल्या. सुनेच्या मात्र लक्षात राहिलं की हसताना त्यांच्या ओठांभोवती घामाचे बारीक थेंब होते.

आत गेल्यावर पहिलीच रांग लागली ती फुग्यांच्या पाळण्याची. केवढी रांग! लोखंडी कठड्यांमधून वळत वळत, परत मागे येत, जणू कुणी लोकर उलगडून टाकली आहे. माणसं वैतागली होती. पोरं कठड्यांना लोंबकळत होती. नवरा घड्याळाकडे बघत होता. त्याच्या मनगटावरचं ते नवं घड्याळ चालल्याबद्दल शाबासकी देणारं होतं आणि आता गप्प बसलं होतं.

पण सासूबाई खुलल्या. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर रंग आला. पुढच्या बाईच्या कडेवरच्या बाळाशी त्यांची ओळख झाली, मागच्या आजोबांशी चष्म्याच्या काचांबद्दल बोलणं झालं. रांग चार पावलं सरकली की त्या चार पावलं सरकायच्या आणि परत उभ्या. पाळण्यात बसून उतरेपर्यंत त्या अगदी ताज्या झाल्या होत्या.

"बघ," नवरा सुनेच्या कानाशी म्हणाला, "किती वेळ उभं केलं आपण आईला. या पायांनी! मला बघवेना." आणि तो गर्दीत गडप झाला. परत आला तेव्हा त्याच्या हातात चार पिवळे पट्टे होते, मनगटाला बांधायचे. ते बांधले की साध्या रांगेत उभं राहायचं नाही. वेगळं दार, वेगळी वाट, थेट आत.

"आई, हात पुढे कर. आता दिवसभर तुला एका जागी उभं राहायला नको."

तो पट्टा बांधत होता तेव्हा सासूबाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी विझल्यासारखं झालं. क्षणभरच. मग त्यांनी मुलाच्या गालाला हात लावला. "बरं केलंस हो, बाळा. किती रे तुला काळजी."

आणि मग खरी पायपीट सुरू झाली.

रांग नाही म्हटल्यावर उरलं काय? वाट. किल्ल्यापासून जंगलापर्यंत, जंगलापासून घसरगुंडीपर्यंत, घसरगुंडीपासून परत किल्ल्याच्या मागच्या अंगाला, कारण भिंगरीला तिथला घोडा हवा होता. पिवळा पट्टा दाखवायचा, आत जायचं, बसायचं, उतरायचं, की पुन्हा वाट. पाळणे क्षणात संपत. वाटा संपत नसत. एका वळणापुढे दुसरं वळण, फुलांच्या वाफ्यापुढे फुलांचा वाफा, आणि प्रत्येक वळणावर नवरा म्हणायचा, "हे काय, आलंच." त्याचं घड्याळ मनगटावर थरथरून शाबासकी देत होतं. तो मनगट वर करून दाखवायचा. "बघ, टप्पा पार!"

सासूबाई आता गुणगुणत नव्हत्या. फुलांपाशी थांबायच्या, पण फुलांकडे बघत नव्हत्या. एकदा बुटाची नाडी बांधायला वाकल्या आणि नाडी बांधलेलीच होती. सुनेने ते पाहिलं. 

"आई, दुखतंय का?"

"छे गं."

"बसू या थोडं?"

"बाकं बघितलीस का? एकेका बाकावर तीन तीन घरं बसलीत. चल, पोर पुढे गेली."

"पाय बघू द्या मला एकदा."

"इथे? भर रस्त्यात? अगं, मी काय दुकानातली कोबी आहे का, दाबून बघायला?"

असं बोलल्यावर सून हसली.  आणि पुन्हा त्यांच्या टाचांकडे बघत चालू लागली.

बोटींच्या तळ्याशी पोचले तेव्हा दुपार कलली होती. एका मोठ्या इमारतीच्या आत पाणी, पाण्यावर चार-चार जणांच्या बोटी, आणि काठाला गाणाऱ्या बाहुल्या. भिंगरी आनंदाने गरगरत होती. पिवळ्या पट्ट्यांचं दार डावीकडे. तिथून एक लांब वाट चढत, वळत आत गेली होती. मागून माणसं लगबगीने येत होती, चला, चला, पुढे चला. नवरा भिंगरीला घेऊन निघालासुद्धा.

"येताय ना, आई?" सुनेने मागे वळून विचारलं.

"तुम्ही व्हा पुढे," सासूबाई म्हणाल्या. "येते मी."

सून चढावर निघाली. वळणावर तिने मागे पाहिलं. गर्दीत पांढरे केस दिसले. तिचा जीव भांड्यात पडला.

ती शाळेच्या बसवर काम करायची. मुलं तिला बसताई म्हणत. चढताना डोकी मोजायची, उतरताना डोकी मोजायची, एकही डोकं मागे राहता कामा नये. इतकी वर्षं हेच करून तिला डोकी दिसायची सवय लागली होती. चेहरे नंतर. त्या वळणावर तिने एक पांढरं डोकं मोजलं आणि हिशेब पुरा झाला असं समजली.

बोट धक्क्याला लागली. तिथला माणूस घाई करत होता, बसा, बसा, दांडा खाली घ्या. नवरा आणि भिंगरी पुढे, ती मागे. तिच्या शेजारची जागा रिकामी.

"आई—" ती म्हणाली, आणि दांडा खट्‌कन लागला. बोट हलली.

धक्क्यावर पांढऱ्या केसांची बाई उभी होती. लाल पिशवी हातात, गोल चेहरा, अनोळखी. तिने हात हलवला, उगाच, आनंदात.

"थांबवा!" सून ओरडली. "अहो, थांबवा! आमचं माणूस राहिलंय!"

पण बोट कुणी चालवतच नव्हतं. ती पाण्याखालच्या साखळीवर चालली होती. अंधारात शिरली. काठावर बाहुल्या पेटल्या आणि गाऊ लागल्या, माना डोलवत, डोळे मिचकावत, तेच तेच गाणं. भिंगरी टाळ्या वाजवत होती. नवरा मागे वळला. "काय झालं?"

"आई नाहीत."

"असतील की मागच्या बोटीत."

"नाहीत."

"मग काठावर थांबल्या असतील. असतील तिथेच."

"तुझं हे तिथेच आणि इथेच!" तिचा आवाज अंधारात फाटला. "जन्मभर तुझं सगळं इथेच असतं!"

बाहुल्या गात राहिल्या. बोट आपल्या चालीने सरकत राहिली, ना हळू ना जलद. तिने अंधारातच फोन काढून सासूबाईंना लावला. तो तिच्याच पिशवीत वाजला. सकाळी त्यांनीच दिला होता ठेवायला, बाई, एवढं ओझं कोण सांभाळणार म्हणून.

उतरायची जागा चढायच्या जागेपाशी नव्हती. इमारतीच्या भलत्याच अंगाला, खेळण्यांच्या दुकानातून बाहेर पडायचं. दुकान, मग अंगण, मग इमारतीला वळसा. ती पळत होती. पिवळ्या दारापाशी आली. तिथे कोणी नव्हतं. बाकांवर बघितलं. पाण्याच्या नळापाशी, बायकांच्या स्वच्छतागृहात प्रत्येक दाराखालून बूट बघत, झाडाच्या सावलीत. कुठेच नाही.

भिंगरी आता रडवेली झाली होती. "आजी हरवली?"

"आजी हरवत नसते," नवरा म्हणाला, आणि त्याच्या घड्याळाने थरथरून शाबासकी दिली. त्याने ते मनगटावरून ओढून काढलं आणि खिशात कोंबलं. 

"तू हिला घेऊन इथेच उभा राहा," सून म्हणाली. "या दारापाशी. हलू नकोस. मी बघते."

ती निघाली आणि तिच्याबरोबर ते दोन शब्द निघाले. येते मी.

तिने त्यांचा अर्थ लावला होता की मागोमाग येते. पण निघणारं माणूस कधी जाते म्हणतं का? दारात उभं राहून, चपलेत पाय घालता घालता, सगळी येतेच म्हणतात. शेजारीण येते म्हणते आणि आपल्या घरी जाते. तिची स्वतःची आई हातात लहानशी पिशवी घेऊन दवाखान्यात भरती व्हायला निघाली तेव्हा म्हणाली होती, येते गं. ती आली नव्हती. मग सासूबाई काय म्हणाल्या? कुठल्या अर्थाने म्हणाल्या? तुम्ही व्हा पुढे, म्हणजे मला सोडा? मी निघाले? एकट्या त्या गाड्यांच्या समुद्रापर्यंत परत निघाल्या असतील? एवढं अंतर, त्या पायांनी, आणि वाटेत कुठेतरी पाय गार पडला असेल, आणि कुणी अनोळखी माणूस विचारत असेल, आजी, तुमच्याबरोबर कोण आहे?

कमानीच्या दिशेने ती धावत सुटली. मग वाटलं, उलट दिशेला गेल्या असतील तर? परत फिरली. ज्या वाटा सकाळी नुसत्या लांब होत्या त्या आता क्रूर वाटत होत्या. वळणामागे वळण. येणारं प्रत्येक पांढरं डोकं दुरून आशा दाखवायचं आणि जवळ येऊन परकं व्हायचं.

एका छोट्या घरावर हरवलेल्यांची पाटी होती. आत रंगीत गालिचा, ठोकळे, आणि टोपी घातलेली एक तरुण मुलगी.

"बाळाचं वय काय?" मुलीने विचारलं.

"बाळ नाही. सासूबाई आहेत."

"ही खोली मुलांची आहे, ताई."

"मग मोठी माणसं हरवली की कुठे ठेवता?"

मुलगी गोंधळली. "मोठी माणसं सहसा… स्वतःच येतात. काय घातलंय त्यांनी?"

"निळा स्वेटर. आखूड पांढरे केस. पिवळा पट्टा आहे हातात."

"शेवटचं काय म्हणाल्या तुम्हाला?"

"येते म्हणाल्या."

"मग येतील की!" मुलगी धीर द्यायला म्हणाली, आणि सुनेच्या चेहऱ्याकडे बघून तिने फोन उचलला. "सांगते मी सगळ्यांना. कशा चालतात त्या? लंगडतात? काठी?"

"नाही. नीट चालतात. थोडं चालतात, मग उभ्या राहतात. मग परत—"

ती बोलता बोलता थांबली.

थोडं चालतात, मग उभ्या राहतात. बसत नाहीत. दिवसभरात एकदाही बसू या म्हणाल्या नव्हत्या. पाटीपाशी उभ्या, कुत्र्यापाशी उभ्या, फुलांपाशी उभ्या. आणि त्या पहिल्या रांगेत, जिथे सगळी माणसं वैतागली होती, तिथे त्यांचा चेहरा कसा उजळला होता! चार पावलं, मग उभं. चार पावलं, मग उभं. दुखणं चालण्यात होतं आणि विसावा उभं राहण्यात. आणि आपण काय केलं? उभं राहणं तेवढं काढून घेतलं आणि चालणं ठेवलं. पट्टा बांधून ठेवलं.

"ताई? कुठे चाललात?"

"रांगेत," ती म्हणाली.

बोटींच्या इमारतीचं साधं दार उजवीकडे होतं, पिवळ्या दारापासून लांब. आतली रांग बाहेरून दिसत नव्हती. अंधाऱ्या दालनात कठडे, पंखे, आणि माणसंच माणसं. ती माफ करा, माफ करा म्हणत कठड्यांखालून वाकून पुढे सरकली. लोक चिडले. ओ बाई, आम्ही काय मूर्ख आहोत का इथे? तिला ऐकू येत नव्हतं. ती आता डोकी बघत नव्हती. एकेक चेहरा बघत होती.

तिसऱ्या वळणावर सासूबाई उभ्या होत्या. कठड्याला टेकून, कुणाचं तरी जांभई देणारं पोर जवळ धरून, त्याच्या आईला शर्टाची कॉलर कशी मोडायची ते सांगत.

"अगं!" त्या म्हणाल्या. "तू इकडे कशी? झालं का बसून? मी येतच होते. जरा हळू सरकतेय रांग."

 सुनेने कठड्यावरचा त्यांचा हात धरला आणि धरूनच ठेवला.

"रडतेस काय? येते म्हटलं होतं ना तुला?"

"तुम्ही नाहीशा झाल्यावर आम्ही काय समजायचं, आई?"

"तुम्ही त्या दाराने, मी या दाराने. पोचायचं तिथेच ना." मग तिच्या तोंडाकडे बघून त्यांचा आवाज खाली आला. "चढ होता गं तो. आणि मागून ढकलत होते. मला नसता जमला."

"मग सांगितलं का नाहीत?"

"त्याने एवढ्या हौसेने पट्टे आणले. काय सांगू? की बाळा, तुझ्या मायेने माझे पाय मोडले?"

"डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, आई? खरं."

"चाला म्हणाले. दुखायला लागलं की थांबा, दुखणं गेलं की परत चाला. थांबलं की जातं ते. अगदी जातं."

"आजही गेलं?"

सासूबाईंनी त्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. "जातंय. आज जरा रेंगाळतंय."

"रेंगाळतंय म्हणजे? आता दुखतंय? उभ्या असतानाही?"

त्यांनी पोराला त्याच्या आईकडे सरकवलं.   "उजवा," त्या शेवटी म्हणाल्या. "बोटं बधिर झाल्यासारखी वाटतात."

सून तिथेच, त्या गर्दीत, फरशीवर बसली. बूट काढला, मोजा काढला. लोक वळून बघत होते. तिने दोन्ही हातांत ते पाऊल घेतलं. गार होतं. पण ती स्वतःच भीतीने गार पडली होती. हात गार की पाय गार, तिला कळेना.

"बसा," ती म्हणाली. "कठड्याला टेकून बसा, आता नाही म्हणू नका. एक पाऊल टाकायचं नाही." आणि रांगेतल्या लोकांकडे वळून, बस भरून मुलांना एका दमात गप्प करणाऱ्या आवाजात म्हणाली, "कुणीतरी इथल्या माणसाला बोलवा. चाकाची खुर्ची आणायला सांगा. लवकर!"

मघाशी चिडलेला माणूसच कठड्यावरून उडी मारून पळाला.

खुर्ची आली तेव्हा, सुनेच्या फोनवरून निघालेला नवराही आला, भिंगरीला काखोटीला मारून. आईला बघून तो तिच्यासमोर उकिडवा बसला. सुनेने त्याला दोनच वाक्यांत सांगितलं. त्याने आईच्या मनगटावरच्या पिवळ्या पट्ट्याकडे बघितलं, मग त्या उघड्या पावलाकडे.

"मी आत होतो डॉक्टरांकडे," तो म्हणाला. "माझ्यासमोर सांगितलं त्यांनी. मी फक्त दगदग ऐकली."

"पुरुष माणसाला एका वेळी एकच ऐकू येतं," सासूबाई म्हणाल्या. पण त्यांचा हात खुर्चीच्या दांड्याला घट्ट होता, आणि या वेळी कुणी हसलं नाही.

प्रथमोपचाराची खोली म्हणे जवळच होती. सुनेला जवळ हा शब्द आता सहन होत नव्हता. खुर्ची ती ढकलत होती, नवरा पुढे वाट काढत होता. भिंगरी पहिल्यांदाच न गरगरता, खुर्चीचा एक दांडा धरून, आजीच्या चाकाबरोबर सरळ चालत होती.

खोलीत पांढरा पडदा, एक पलंग, एक नर्सबाई. त्यांनी आधी दोन्ही पावलं शेजारी शेजारी ठेवून बघितली. रंग बघितला. बोटं दाबून सोडली आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघितलं. मग डाव्या पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं टेकली आणि लगेच मान हलवली. "ही मिळाली."

"काय मिळाली?" भिंगरीने विचारलं.

"नाडी. पायातही असते."

मग उजवं पाऊल. नर्सबाईंनी बोटं टेकली. थोडी सरकवली. डोळे मिटले. परत सरकवली. बाहेरून गाण्याचे तुकडे येत होते, कुणीतरी मोठ्याने हसत होतं. नर्सबाईंनी घोट्याच्या मागे बोटं नेली, परत वर आणली. सून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि तो चेहरा काहीच सांगत नव्हता. नवऱ्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला. सासूबाई छताकडे बघत होत्या. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

"हं," नर्सबाई म्हणाल्या. "आहे. बारीक आहे, पण आहे."

कुणीतरी मोठा श्वास सोडला. चौघांपैकी कोण, कळलं नाही.

"आज चालणं बंद," नर्सबाई म्हणाल्या. "खुर्चीतून गाडीपर्यंत, आणि वाटेत आधी दवाखाना. आजच. बधिरपणा वाढला, पाय पांढरा पडला, तर वाटेतच मदत मागवायची. मी तिकडे फोन करून ठेवते." त्या फोनकडे वळल्या.

सून पलंगाशी गेली. "मला दाखवाल कुठे ते? नाडी?"

नर्सबाईंनी फोन कानाशी धरूनच तिचं बोट घेतलं आणि पावलावर ठेवलं. "इथे. दाबू नका. नुसतं टेकवा आणि वाट बघा."

तिने बोट टेकवलं. काही नाही. कातडी, हाड, आणि त्याखाली नुसती शांतता. तिने श्वास रोखला.

"सापडली का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"बोलू नका, आई. थांबा."

"थांबलेय की."

तिने डोळे मिटले. आधी तिला स्वतःच्याच बोटातलं रक्त ऐकू आलं, घाबरलेलं, धावणारं. ते जरा खाली बसेपर्यंत तिने वाट बघितली. मग त्याच्याही खाली, फार लांबून, कुणी बंद दारावर नखाने हळूच वाजवावं तसं काहीतरी लागलं. गेलं. परत लागलं.

नवऱ्याने खुर्ची पलंगाशी आणून लावली. तिने हात वर करून त्याला जरा थांबायला सांगितलं, आणि बोट तिथेच ठेवलं.